शोभेसाठी डाळिंब: माणदेशातलं अंगण आणि मुलुंडची गॅलरी

माणदेशी_मुलुंडकर

नमस्कार मंडळी. आटपाडी तालुक्यात घराभोवती साडेतीन गुंठे मोकळी जागा आहे. पाऊस बेताचा, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, विहिरीचं पाणी जड. राहायला आम्ही सगळे मुंबईत, गावी महिन्या-दीड महिन्यातून एखादी फेरी.

दारासमोर एक आणि पुढच्या ५० फूट कुंपणाला ओळीने डाळिंब लावायचंय. फुलांसाठी, झाड देखणं दिसावं म्हणून. फळं आली तर पोरं खातील, नाही आली तर तक्रार नाही. पण नेटवर जे सापडतं ते सगळं एकरी उत्पादनाचं. तेव्हा प्रकार कुठला घ्यावा, खड्डा करावा की गादी (उंच वाफा), आम्ही नसताना पाण्याचं काय आणि तेल्याचं (डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाचं) काय, एवढं सांगा. शिवाय मुलुंडला पश्चिमेची गॅलरी आहे, दुपारी बारानंतर ऊन येतं. तिथे कुंडीत एखादं जमेल का?

खुरपं

आधी प्रकार ठरवा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

दारासमोर दुहेरी फुलाचं डाळिंब. पाकळ्यांनी गच्च भरलेलं शेंदरी-लाल फूल. यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून फळ जवळजवळ धरतच नाही. झाड आठ-दहा फुटांपर्यंत जातं. रोप घेताना त्यावर निदान एक फूल किंवा उमललेली कळी पाहूनच घ्या. नुसत्या पानावरून साधं आणि दुहेरी ओळखता येत नाही, आणि 'साहेब, डबलच आहे' हे वाक्य सगळ्याच नर्सऱ्यांत ऐकायला मिळतं.

बुटकं हवं असेल तर 'नाना'. पानं बारीक, उंची दोन ते तीन फूट, फूल साधं पण भरपूर, फळ लिंबाएवढं किंवा त्याहून लहान आणि खाण्यात अर्थ नसलेलं. लागवडीनंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलायला लागतं. बियांपासूनही बरंचसं मूळ झाडासारखंच येतं, त्यामुळे स्वस्त पडतं. नर्सरीत हेच कधी 'बोन्साय डाळिंब' म्हणून चौपट भावाने ठेवलेलं असतं.

फळाच्या जाती, म्हणजे गणेश, भगवा, मृदुला, आरक्ता, शोभेलाही वाईट नाहीत. उलट लाल फळ लगडलेलं भगव्याचं झाड दुहेरी फुलापेक्षा देखणं दिसतं असं माझं मत. फक्त भगवा तेल्याला फार हळवा आहे. त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

गावठी, बियांचं रोप कुंपणाला चालतं. काटे भरपूर, जनावर घुसत नाही. मात्र प्रत्येक झाडाची चाल निराळी असते, एकसारखी ओळ दिसत नाही. एकसारखं हवं तर एकाच झाडाच्या गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं कलम) किंवा छाट कलमांची रोपं घ्या. छाट कलम घरीही होतं: डिसेंबर-जानेवारीत पेन्सिलीएवढ्या जाडीची, पक्व झालेली, २० ते २५ सेंटिमीटरची काडी घ्यायची, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, दोन तृतीयांश काडी मातीत. वरची बाजू खाली लावली तर काडी फुटणार नाही, म्हणून कापतानाच वर सरळ आणि खाली तिरका काप ठेवायची सवय लावा.

शिंजीर

खुरपं यांच्या यादीत एक भर. पक्षी हवे असतील तर साधं, एकेरी फूल लावा. आमच्याकडचे शिंजीर दुहेरी फुलाकडे ढुंकूनही बघत नाहीत, गच्च पाकळ्यांतून चोच मधापर्यंत पोचतच नाही.

आणि एक गंमत: डाळिंब, मेंदी आणि आपलं राज्यपुष्प तामण ही तिन्ही एकाच कुळातली.

वाफसा

जमिनीबद्दल. डाळिंबाला ऊन सोसतं, कोरडी हवा सोसते, थोडी खारट आणि चुनखडीची जमीनसुद्धा सोसते. मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. कोरड्या भागात घरगुती झाडं मरतात ती बहुतेक मायेने घातलेल्या पाण्याने.

मुरमाड, हलकी जमीन असेल तर नेहमीचा २ x २ x २ फुटांचा खड्डा करा. एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. भरताना वरची पोयट्याची माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड. कच्चं शेण नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही येतात.

जमीन काळी, भारी असेल तर खड्डा करूच नका. काळ्या मातीतला भुसभुशीत भरलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. चहूबाजूंचं पाणी त्यात उतरतं, बाहेर जायला वाट नसते, मुळं गुदमरतात. तिथे जमिनीच्या वर दीड फूट उंच, तीन-चार फूट रुंद गादी करा, एक तृतीयांश मुरूम मिसळा आणि वर रोप लावा.

कसं ओळखाल? दीड फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत उतरलं तर खड्डा चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर गादीच.

लावायची वेळ: मृगाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर. रोपाची मातीची हंडी न फोडता पिशवी कापा, पिशवीतली मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एक ठेवा. खोडावर माती चढवली की साल कुजते. लावल्यावर लगेच हलकं पाणी, तीन-चार दिवसांनी पुन्हा.

चुनखडी जास्त असेल तर कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. मातीत फेरस सल्फेट टाकून उपयोग होत नाही, चुना ते लगेच अडकवतो. फवारा: एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

माणदेशी_मुलुंडकर

वाफसा, जमीन मुरमाडच आहे, एका कोपऱ्यात चुनखडीचा पांढरा थर लागतो. कुंपणाला किती अंतर ठेवू? आणि खोड एक ठेवायचं की जास्त?

सिकेटर

कुंपणाला साध्या डाळिंबाचं अंतर ४ फूट. म्हणजे ५० फुटांत १३ झाडं. 'नाना' लावणार असाल तर दीड ते दोन फूट. तीन फुटांच्या आत साधं डाळिंब कोंबू नका, दुसऱ्या वर्षी छान भरल्यासारखं वाटतं आणि चौथ्या वर्षी आतली पानं झडून नुसत्या काड्या दिसतात.

कोरड्या, वाऱ्याच्या जागी तीन ते चार खोडं ठेवावीत. एकखोडी झाड मोठ्या कुंडीत, हॉटेलाच्या दारात वगैरे रुबाबदार दिसतं, पण माणदेशात मेच्या पश्चिमेच्या उन्हात त्या एकट्या खोडाची साल भाजते. भाजलेली साल फाटते, फटीत खोडकिडा शिरतो. शिवाय एक खोड गेलं की झाडच गेलं. चार खोडांत एक गेलं तर बुंध्यातला एखादा जोमदार फुटवा वाढवून जागा भरता येते.

दारासमोरच्याला एकच खोड हवं असेल तर: पहिल्या वर्षी सगळ्यात सरळ फुटवा ठेवून बाकीचे बुंध्यापासून काढा, काठीचा आधार द्या, साडेतीन फुटांवर शेंडा खुडा, वरच्या चार-पाच बगलफांद्या चौफेर वाढू द्या. बुंध्यातून येणारे फुटवे दर महिन्याला. ते जमिनीलगत कात्रीने कापले तर एकाचे तीन होतात. माती बाजूला करून, कोवळे असताना हाताने खाली ओढून उपटायचे. आणि खोडाला दीड-दोन फुटांपर्यंत दर उन्हाळ्याआधी चुना.

आता खरी मेख. कुंपण म्हटलं की माळी मोठी कात्री घेऊन येतो आणि सगळीकडून दाढी केल्यासारखं सपाट कापतो. डाळिंबाचं फूल येतं आखूड फांद्यांच्या टोकाला, नव्या फुटीवर. टोकं कापली की फुलं गेली. वर्षातून एकदाच, डिसेंबरअखेर ते जानेवारीत, छाटायचं: वाळलेलं, आत वळलेलं, एकमेकांवर घासणारं काढा, लांब सुटलेल्या फांद्या एक तृतीयांश आखूड करा. मार्चनंतर फक्त बुंध्याचे फुटवे आणि सरळसोट वर जाणारे पाणकोंब काढायचे. चौकोनी, भिंतीसारखं कुंपणच हवं असेल तर डाळिंब सोडा, मेंदी लावा. कुळ तेच.

गॅलरीवाली

सिकेटर, पहिल्या वर्षी फुलं ठेवायची की खुडायची? आमच्याकडे दोन मतं आहेत.

सिकेटर

साधं डाळिंब: पहिल्या वर्षी कळ्या खुडा, दुसऱ्या वर्षी फुलू द्या, धरलेलं फळ खुडा. 'नाना' असेल तर असला उपवास लादायची गरज नाही.

खुरपं

फळ खुडायचा मुद्दा महत्त्वाचा आहे, थोडं सविस्तर सांगतो. बागायतदाराला 'सेटिंग', म्हणजे फळधारणा, हवं असतं, तुम्हाला फूल हवंय. झाडावर वीस-पंचवीस फळं पोसायला लागली की झाडाची सगळी ताकद तिकडे जाते आणि नवी कळी थांबते. म्हणून शोभेच्या झाडावर फळ गोटीएवढं असतानाच काढत राहायचं. हंगामाच्या शेवटी पाच-सात ठेवा, दिसतात छान.

आणि फुलं गळतात म्हणून घाबरू नका. डाळिंबावर दोन आकाराची फुलं येतात. ज्याचा देठाकडचा भाग फुगीर, सुरईसारखा, ते फळ धरणारं. ज्याचा देठाकडचा भाग निमुळता, घंटेसारखा, ते नर फूल, ते गळणारच. हंगामाच्या सुरुवातीला खाली लाल सडा पडलेला असतो, त्यात बहुतेक हीच असतात. सुरईसारखी फुलं किंवा न उमललेल्या कळ्या ढिगाने गळत असतील तेव्हा कारण शोधा. एक, पाण्यात खंड पडून एकदम भरपूर पाणी. दोन, फुलकिडे: कळी पांढऱ्या कागदावर झटकून बघा, बारीक पिवळट-तपकिरी रेघा पळताना दिसतील. तीन, युरियाचा मारा. नत्र जास्त झालं की पानं तुकतुकीत, फांद्या लांबलचक आणि फूल नाही.

खत म्हणून जानेवारीच्या छाटणीनंतर मोठ्या झाडाला दोन घमेली शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि मूठभर सुपर फॉस्फेट. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा एक घमेलं शेणखत. शोभेच्या झाडाला एवढं पुष्कळ.

वाफसा

बहाराबद्दल, म्हणजे झाडाला कुठल्या हंगामात फुलवायचं याबद्दल, कुणी लिहिलं नाही अजून. बागायतदार अंबे, मृग आणि हस्त यांतला एक बहार धरतात. शोभेसाठी अंबे बहार सोयीचा. फूल फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा कोरडी, रोग कमी, आणि त्या वेळी अंगणात दुसरं फारसं काही फुललेलं नसतं.

झाड तीन वर्षांचं झाल्यावरच ताण द्या. मुरमाड जमिनीत डिसेंबरमध्ये २० ते २५ दिवस पाणी बंद, भारी जमिनीत ३५ ते ४०. पानांची चकाकी जाते, मग पिवळी पडून गळतात. निम्म्याच्या वर पानगळ झाली की छाटणी, खत, आणि ताण तोडताना पहिलं पाणी हलकं, दुसरं मध्यम, मग नेहमीचं. पहिल्याच दिवशी पाट सोडला तर फुटीऐवजी पाणकोंब सुटतात. साधारण महिना ते सव्वा महिन्यात कळी दिसते.

पानगळीसाठी बागेत इथेफॉन हे रसायन मारतात. घरच्या झाडाला त्याच्या वाटेला जाऊ नका. प्रमाण जरा चुकलं तर कोवळ्या फांद्या वाळतात, आणि ज्या कामासाठी ते मारायचं ते काम ताणाने होतंच.

थंडीत पानं गळलेलं झाड पाहून 'मर आली' (झाड वाळवणारा रोग आला) म्हणून उपटणारेही आहेत. नखाने फांदी खरवडा. आत हिरवं असेल तर झाड झोपलंय.

माणदेशी_मुलुंडकर

आम्ही नसताना पाणी हा आमचा खरा घोर आहे. छपरावर १००० लिटरची टाकी आहे, जमिनीपासून साधारण १० फुटांवर. टायमर लावून ठिबक करायचा विचार आहे.

पाईपलाईन

इथे मी. टायमर घेण्याआधी हे वाचा.

नळाला लावायचे बॅटरीवरचे टायमर दोन जातींचे असतात. सोलेनॉइड व्हॉल्व्हवाले आणि बॉल व्हॉल्व्हवाले. सोलेनॉइडला उघडायला पाण्याचा दाब लागतो, बहुतेकांना निदान अर्धा बार. १० फुटांवरच्या टाकीतून तुम्हाला मिळणार ०.३ बार. म्हणजे टायमर टिक करेल आणि पाणी येणार नाही, किंवा करंगळीएवढी धार येईल. बॉल व्हॉल्व्हवाला मोटरने फिरतो, त्याला दाब लागत नाही. खोक्यावर 'शून्य बार' किंवा 'टाकीसाठी' असं लिहिलेलं बघूनच घ्या.

ड्रिपरचंही तसंच. दाब-नियंत्रित ड्रिपर १ बारच्या आसपास चालायला बनवलेले असतात, ते घेऊ नका. साधे ४ लिटरचे घ्या, पण ०.३ बारला त्यांतून तासाला ४ नाही, सव्वादोन लिटरच्या आसपास येईल. अंदाजावर राहू नका. ओळीतला पहिला, मधला आणि शेवटचा ड्रिपर, तिघांखाली वाटी ठेवून १५ मिनिटं पाणी गोळा करा, चारने गुणा. शेवटच्याला पहिल्यापेक्षा बरंच कमी येत असेल तर मुख्य नळी १२ मिलिमीटरऐवजी १६ ची टाका.

आता हिशेब. १३ आणि १ अशी १४ झाडं. पहिल्या उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाआड ६ लिटर. एका वेळेला ८४ लिटर. १००० लिटरची टाकी १२ वेळा पुरत नाही, म्हणजे २२-२३ दिवसांत खडखडाट. तुमची फेरी दीड महिन्याने. एक तर टाकी २००० ची करा (४६ दिवस निघतात), नाहीतर विहिरीच्या मोटरला शेजाऱ्याकडून महिन्यातून दोनदा बटण दाबून घ्या. दुसऱ्या वर्षापासून दर चौथ्या दिवशी १५ लिटर द्या, खोल जाणारं. रोज थोडं थोडं दिलं तर मुळं वरच राहतात आणि एक दिवस टायमरची बॅटरी संपली की झाड माना टाकतं.

बॅटरी दर फेरीला बदला, उरली असली तरी. टाकीच्या तोंडाशी जाळीची गाळणी लावा. जड पाण्याने ड्रिपर चुन्याने बुजतात: काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी धुऊन परत बसवा. अ‍ॅसिडचे प्रयोग घरी नकोत.

पावसाळ्यात टायमर बंद. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

वाफसा

पाईपलाईन यांना एक जोड. ड्रिपर खोडाला चिकटून ठेवू नका. पहिल्या वर्षी खोडापासून वीतभर, मग दरवर्षी बाहेर सरकवत झाडाच्या घेराच्या कडेपर्यंत. आळं केलं तर दुहेरी करा, म्हणजे आतला बांध खोडाभोवती आणि पाणी बाहेरच्या कड्यात. खोड कोरडं राहिलं पाहिजे.

जड पाण्याचे क्षार ओलाव्याच्या कडेला साचतात, पांढरं कडं दिसतं. पानाच्या कडा तपकिरी होऊन करपायला लागल्या की समजायचं. उन्हाळ्यात दोन-तीनदा नेहमीच्या तिप्पट पाणी एकाच वेळी सोडून क्षार खाली ढकला. वर तीन-चार इंच उसाच्या पाचटाचं किंवा वाळल्या पाल्याचं आच्छादन, तेही खोडापासून वीतभर लांब.

बांधावरचा

सगळं छान चाललंय, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. तुमच्या कुंपणापलीकडे काय आहे? आटपाडी, सांगोला, जत हा सगळा डाळिंबाचा पट्टा. शेजाऱ्याची बाग असेल तर तुमची १४ शोभेची झाडं त्याच्या डोक्याला ताप होऊ शकतात.

तेल्या हा जिवाणूजन्य रोग. ढगाळ, दमट हवा आणि ३० अंशांच्या आसपासचं तापमान असलं की पसरतो, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर आणि कात्रीबरोबर. पानावर आधी पाणीदार ठिपका, मग तो काळपट तपकिरी, भोवती पिवळं वलय. फांदीवर काळा चट्टा, तिथे फांदी कट्कन मोडते. फळावर तेलकट डाग आणि इंग्रजी एल किंवा वायच्या आकाराची भेग. शेजारी आठवड्याला फवारण्या करतोय आणि तुमच्या कुंपणावर महिनाभर कुणी फिरकलं नाही, असं झालं तर रोगाचं घर तुमच्याकडे. शोभेसाठी झाडावर ठेवलेली वाळकी फळं तर सगळ्यात वाईट, त्यात तेल्याही टिकतो आणि फळ पोखरणारी अळीही.

म्हणून रोपं तेल्यामुक्त, खात्रीच्या रोपवाटिकेतली घ्या. सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे विचारपूस करता येते. शेजारच्या बागेतून फुकट मिळणारी गुटी घेऊ नका. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटमध्ये बुडवून घ्या. पावसाळ्यात निदान तीन फेऱ्या जास्त करा किंवा गावातल्या कुणाला पैसे देऊन काम सोपवा. हे जमणार नसेल तर दारासमोर एक दुहेरी डाळिंब लावा आणि कुंपणाला दुसरं काहीतरी. माझं स्पष्ट मत.

माणदेशी_मुलुंडकर

एका बाजूला भगव्याची बाग आहेच, दोनशे फुटांवर. हे लक्षातच आलं नव्हतं. तेल्यासाठी मारतात त्या बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचं) घरगुती प्रमाण कुणी देईल का?

खुरपं

१ टक्का बोर्डो, १० लिटरसाठी: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत पाच-पाच लिटर पाण्यात. मोरचूद फडक्यात बांधून रात्री पाण्यात वरच्या बाजूला लटकवून ठेवा, सकाळपर्यंत विरघळतो. चुना आधी थोड्या पाण्यात विरवा, गार होऊ द्या, मग पाणी वाढवून गाळा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळा. रंग आकाशी-निळा आला पाहिजे. मग घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी घालत राहा, थर येईनासा होईपर्यंत. हे टाळलं तर पानं भाजतात. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं वापरू नका, त्याच दिवशी संपवा, उमललेल्या फुलांवर मारू नका.

मारायचा छाटणीनंतर लगेच, आणि पावसाळ्यात उघडीप बघून. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट: १०० ग्रॅम, १०० ग्रॅम, १ लिटर पाणी.

बांधावरचा

आणि 'मर' वेगळी. एखादी फांदी पिवळी पडून वाळते, मग दुसरी, मग झाड. खोड आडवं कापलं की आत तपकिरी-करडे डाग दिसतात. ते झाड मुळासकट काढून जाळायचं आणि त्या खड्ड्यात पुन्हा डाळिंब लावायचं नाही. फवारणीने ती बरी होत नाही.

गॅलरीवाली

आता मुलुंडच्या गॅलरीचं. मुंबईत डाळिंबाला ऊन कमी पडत नाही, हवा ओली पडते. आटपाडीत पाचशे मिलिमीटर पाऊसही जड, इथे चार महिन्यांत दोन हजारांच्या वर. म्हणून इथे फक्त 'नाना', आणि तोही पावसाळ्यात छज्जाखाली.

१२ इंची कुंडी, तळाला एक सोडून चार भोकं. माती: दोन भाग लाल माती, एक भाग बारीक खडी किंवा विटांचा चुरा, एक भाग गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट घातलंच तर दहावा भाग, पावसाळ्यात ते पाणी सोडतच नाही. दुपारी बारानंतरचं ऊन सहा तास मिळत असेल तर पुरे.

पाणी: बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच, आणि मग खालून बाहेर येईपर्यंत. खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाका. कुंडीला ताण ५ ते ८ दिवसांचाच, आणि पानं मलूल झाली की लगेच तोडा. पंचवीस दिवसांचा शेतातला हिशेब कुंडीला लावलात तर झाड परत येणार नाही.

पांढरा पिठ्या ढेकूण हमखास येतो, मुंग्या त्याची वर्दी देतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरला ५ मिली भांड्याचा पातळ साबण, आठवड्याने परत. निंबोळी तेल लिटरला ३ मिली, चार थेंब साबण घालून, संध्याकाळीच.

दर दोन वर्षांनी जानेवारीत कुंडीतून काढून कडेची पाव भाग मुळं कापा आणि नवी माती भरा.

गच्चीकर

तळाला खापराचे, विटांचे तुकडे घालायचे राहिले. निचऱ्यासाठी तीन इंचांचा थर हवाच.

वाफसा

नको. थराच्या वरची माती तेवढीच ओली राहते, कारण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही. ओला भाग उलट तीन इंच वर, मुळांजवळ सरकतो. भोकावर एक खापर, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरतं. निचरा हवा असेल तर खडी मातीत मिसळा.

गच्चीकर

आमच्याकडे वर्षानुवर्षं थर घालूनच झाडं जगतायत बुवा.

वाफसा

जगतील की. जास्वंद, तगर काहीही जगेल. डाळिंब पावसाळ्यात बघा.

पाईपलाईन

गॅलरीवाल्यांसाठी वजनाचंही बघा. भिजलेली माती लिटरला दीड किलो धरा. १२ इंची कुंडी २५ किलोच्या आसपास, १६ इंची पन्नासच्या पुढे. ग्रिलवर किंवा कठड्यावर यातली एकही नको, जमिनीवर भिंतीलगत.

माणदेशी_मुलुंडकर

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: दारासमोर एक दुहेरी, तीन खोडं ठेवून. भगव्याच्या बागेच्या बाजूच्या कुंपणाला मेंदी. रस्त्याच्या बाजूच्या २० फुटांत मात्र डाळिंबाचा मोह सुटत नाहीये. तिथे 'नाना' लावला तर बांधावरचे, तुमची हरकत आहे का? आणि गावाकडे नर्सरी लांब आहे, रोपं मुंबईतून नेली तर?

बांधावरचा

'नाना'लाही तेल्या होतो, पण झाड कमरेएवढं, तपासणं आणि छाटणं सोपं. दोन फुटांवर ११ रोपं बसतील. फळं खुडत राहा आणि सप्टेंबरमध्ये एक चक्कर नक्की मारा, म्हणजे हरकत नाही.

मुंबईतली रोपं शेडनेटखाली, दमट हवेत वाढलेली असतात. थेट माणदेशाच्या उन्हात लावलीत तर आठवड्यात पानं करपतील. जूनमध्येच न्या. आधी दहा-बारा दिवस झाडाच्या विरळ सावलीत ठेवा, मग सकाळच्या उन्हात आठवडाभर, मग जमिनीत. लावल्यावर पश्चिमेच्या बाजूला पोत्याचा आडोसा पाऊस नीट लागेपर्यंत. आणि निघण्याआधी मुंबईतच प्रत्येक पान उलटं करून बघा. ठिपका दिसला तर ते रोप मुलुंडलाच ठेवा.